गाणं ऐकायच्या खोलीत गालिचा नेमका कुठे?
गुळगुळीत फरशीच्या खोलीत स्पीकर कर्कश वाटतात, तबल्याची चाट टोचते. गालिचा असतो, पण खुर्चीच्या पायाखाली. तो हवा स्पीकर आणि खुर्चीच्या मधे, जिथे आवाज फरशीवर आपटून कानाकडे येतो.

१. नेहमीच्या खुर्चीत बसा. कुणाला तरी फरशीवर आरसा आडवा ठेवून तुमच्याकडून स्पीकरकडे सरकवायला सांगा.

२. आरशात ट्वीटर (स्पीकरमधला बारीक, उंच आवाजाचा छोटा भाग) दिसला की तिथे खडूने खूण करा. दुसऱ्या स्पीकरसाठीही तसंच.

३. दोन्ही खुणा झाकून चहूबाजूंनी हातभर उरेल असा गालिचा अंथरा. नुसती सतरंजी पातळ पडते. तिच्याखाली जुनी घोंगडी दुमडून घाला. आमच्याकडे खरा फरक या घोंगडीनेच पडला, टाळी वाजवल्यावर येणारा झणझणाट गेला.

घुमणारा खर्ज मात्र याने कमी होत नाही, त्यासाठी आणखी गालिचे विकत घेऊ नका.