वायदेबाजार शिकायचाय? आधी वही घाला

निफ्टीचे, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाचे, फ्युचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आज ठरलेल्या भावाने) शिकायचे असतील तर पहिले काही महिने बाजारात एक रुपयाही घालू नका, लुटूपुटूचे सौदे वहीत मांडा, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मी तसाच शिकलो, आणि तेही आभासी ट्रेडिंगचं कुठलं अ‍ॅप न वापरता. एक दोनशे पानी वही, कॅल्क्युलेटर आणि एनएसई या शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर रोज संध्याकाळी फुकट मिळणारी भावकॉपी एवढंच सामान होतं. भावकॉपीत प्रत्येक कॉन्ट्रॅक्टचा त्या दिवसाचा उघडता भाव, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा, बंद भाव आणि ज्यावरून रोजचा हिशेब होतो तो सेटलमेंटचा भाव असतो. शिकायला एवढी माहिती पुष्कळ झाली.

अ‍ॅप का नको? त्यात पहिल्याच दिवशी दहा लाख किंवा एक कोटी खोटे रुपये हातात देतात. तेवढ्या पैशात कुठलाही तोटा किरकोळ वाटतो. दुसरं कारण नियमांचं आहे. शेअर बाजारांनी आपले चालू भाव आभासी ट्रेडिंगच्या खेळांना देऊ नयेत, असं बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीने मे २०२४ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अनधिकृत व्हर्च्युअल ट्रेडिंग आणि पेपर ट्रेडिंगच्या प्लॅटफॉर्मपासून लांब राहा, असा जाहीर इशाराही दिला. जिथे प्रवेश फी आहे, बक्षीस आहे किंवा ‘आधी डमीवर नफा बघा, मग पैसे भरा’ असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगतंय, तिथे पॅन आणि आधार तर सोडाच, मोबाइल नंबरसुद्धा देऊ नका.

सुरुवात भांडवलापासून करा. वहीच्या पहिल्या पानावर तुमच्याकडे खरोखर जेवढे मोकळे पैसे आहेत तेवढाच आकडा लिहा. दोन लाख असतील तर दोन लाख. मग लॉट, म्हणजे एका सौद्यातले किमान नग, बघा. सेबीने १ ऑक्टोबर २०२४ ला निर्देशांकाच्या कॉन्ट्रॅक्टचं किमान मूल्य १५ लाख केलं आणि निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ वर गेला. हा आकडा अधूनमधून बदलतो, म्हणून तुम्ही शिकाल त्या दिवशीचा लॉट एनएसईवर बघूनच घ्या. ७५ धरला आणि निफ्टी २४,००० वर असली, तर एका लॉटचा सौदा १८ लाखांचा होतो. त्याचं मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत, साधारण १२ टक्के धरलं तर सव्वादोन लाखांच्या आसपास लागतं. म्हणजे दोन लाखवाल्याला एकही लॉट घेता येत नाही! कितीतरी जणांचा प्रश्न इथेच सुटतो, आणि तो वहीवर सुटलेला बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, एमटीएम (मार्क टू मार्केट), म्हणजे त्या दिवशीच्या भावाने रोजचा हिशेब. शेअर घेऊन ठेवला आणि भाव पडला तर विकेपर्यंत तोटा कागदावरच राहतो. फ्युचर्समध्ये तसं नाही. इथे रोजचा नफा-तोटा रोज रोखीने चुकता होतो. समजा, २४,००० ला एक लॉट घेतला आणि संध्याकाळचा सेटलमेंटचा भाव २३,८८० आला. १२० गुणिले ७५, म्हणजे ९,००० रुपये खात्यातून गेले. दुसऱ्या दिवशी सेटलमेंट २४,०४० वर झालं तर १६० अंकांचे १२,००० परत आले. दोन दिवसांचा निव्वळ नफा ३,००० दिसतो खरा, पण मधल्या रात्री ते ९,००० भरायला तुमच्याकडे होते का? नसते तर ब्रोकरने सौदा कापला असता आणि दुसऱ्या दिवशीचा नफा तुमचा नव्हताच. वहीत हा रकाना रोज भरायचा. शिल्लक मार्जिनच्या खाली गेली की सौदा तिथेच बंद करायचा, मग पुढे भाव कितीही वर गेला तरी.

ज्यांना हे अतिशयोक्तीचं वाटतं त्यांनी ४ जून २०२४ ची भावकॉपी उघडावी. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी २३,२६३.९० वर बंद झाली होती. लोकसभेच्या निकालाच्या दिवशी ती २१,८८४.५० वर आली. एका दिवसात १,३७९ अंक गेले. निर्देशांकाच्या बंद भावावरून काढलं, तर तेव्हाच्या २५ च्या लॉटला सुमारे साडेचौतीस हजारांचा फटका बसतो. ७५ चा लॉट असता तर एक लाख तीन हजार. वहीत हा दिवस एकदा स्वतःच्या हाताने मांडून बघा, नुसता वाचू नका.

खर्चही मांडायचा. १ ऑक्टोबर २०२४ ला लागू झालेल्या दराने विक्रीवर ०.०२ टक्के एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर), म्हणजे १८ लाखांवर ३६० रुपये होत होता. त्यात खरेदीची स्टॅम्प ड्यूटी, एक्स्चेंजचा आकार, ब्रोकरेज आणि जीएसटी धरला की सौद्याचा खर्च पाचशेच्या पुढे जायचा. अंकांत सांगायचं तर सुमारे सात अंक. दिवसाला दोन सौदे करणारा माणूस महिन्याभरात किती अंक नुसते खर्चात घालवतो, ते तुम्हीच काढा. दर बदलत राहतात, म्हणून त्या दिवशीचेच घ्या.

आता माझी पद्धत. संध्याकाळी भावकॉपी बघून उद्याचा निर्णय लिहायचा: घ्यायचा की विकायचा, स्टॉप लॉस (तोट्यात बाहेर पडायचा ठरवलेला भाव) कुठे, आणि कारण काय. कारणाचा रकाना सौद्याच्या आधी भरायचा, आणि पेनानेच. दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावाला सौदा झाला असं धरायचं. स्टॉप लॉसच्या पलीकडेच बाजार उघडला तर उघडता भाव घ्यायचा, ठरवलेला नाही. एकाच दिवसात वरचं लक्ष्य आणि खालचा स्टॉप लॉस दोन्ही लागले असतील, तर आधी काय लागलं ते भावकॉपी सांगत नाही. तिथे नेहमी तोटाच धरायचा. माझी थोरली बहीण बँकेत आहे. दर रविवारी ती वही तपासायची आणि कारणाचा रकाना कोरा दिसला की तो सौदा नफ्यातून वजा करायची. असा एक माणूस तुम्हीही शोधा. तो बाजारातला नसला तर उत्तमच.

एक्सपायरी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपण्याचा दिवस, चुकवू नका. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीचे मासिक सौदे महिन्याच्या शेवटच्या मंगळवारी संपतात. त्याआधी गुरुवार होता. एक्सपायरीच्या पुढेही सौदा धरायचा असेल तर चालू महिन्याचा विकून पुढच्या महिन्याचा घ्यायचा, म्हणजेच रोलओव्हर. पुढच्या महिन्याचा भाव बहुधा जरा वर असतो, आणि खर्च पुन्हा लागतो. निफ्टीचं सेटलमेंट रोखीने होतं, पण एखाद्या कंपनीचे फ्युचर्स शेवटपर्यंत धरले तर प्रत्यक्ष शेअर घ्यावे किंवा द्यावे लागतात. नवख्याने कंपन्यांच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोबत अभ्यास म्हणून एनआयएसएम या सेबीच्या संस्थेचं सिरीज आठ, म्हणजे इक्विटी डेरिव्हेटिव्ह्जचं (शेअरवर आधारलेल्या वायद्यांचं) पुस्तक वाचा. परीक्षा १०० गुणांची, दोन तासांची, पास व्हायला ६० गुण, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. ब्रोकरकडे या विभागात नोकरी करायची असेल तर हे प्रमाणपत्र लागतं. खरं सांगायचं तर, वायदेबाजार आवडणाऱ्या तरुणांना मी स्वतःच्या पैशाने सौदे करण्याआधी ही नोकरीची वाट सुचवतो. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडरना तोटा झाला, सरासरी सुमारे दोन लाखांचा. हा आकडा मी वहीच्या आतल्या कव्हरवर लिहून ठेवला होता.

किमान तीन एक्सपायरी पूर्ण झाल्या की वहीतला सगळ्यात मोठ्या नफ्याचा सौदा खोडा, मग दुसरा मोठाही खोडा, आणि उरलेल्याची बेरीज खर्चासकट पुन्हा करा. ती उणे आली तर आणखी तीन एक्सपायरी वहीवरच काढा.