गुडघ्याच्या वाटीचे दुखणे आणि त्यावरचे संशोधन : या चुका टाळा

बेळगावला किंवा पुण्याला फिजिओथेरपी शिकायला गेलेली गोव्याची मुले प्रबंधासाठी रुग्ण मात्र आपल्याच गावातले घेतात आणि मग कच्चा मसुदा घेऊन म्हापशाच्या माझ्या दवाखान्यात येतात. गेली काही वर्षे त्यांतले बरेच मसुदे एकाच दुखण्यावरचे आहेत : गुडघ्याच्या वाटीभोवती किंवा वाटीमागे होणारे दुखणे, म्हणजेच पाटेलोफेमोरल पेन. जिना चढता-उतरताना, उकिडवे बसताना, धावताना आणि बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर ते वाढते. हा विषय का निवडला जातो, हे मला समजते. रुग्ण तरुण असतात, सहज मिळतात, आणि सहा आठवड्यांत काम उरकेल असे वाटते. या 'उरकेल'मधूनच पुढच्या बहुतेक चुका निघतात.

सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट चूक म्हणजे एकच गट घेणे, उपचारापूर्वी आणि उपचारानंतर दुखणे मोजणे आणि झालेला फरक उपचाराच्या नावावर जमा करणे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने मिरामार ते दोनापावला या रस्त्यावर पहाटे धावणारे पंचवीसेक जण गोळा केले होते. डिसेंबरातल्या एका शर्यतीनंतर लगेच, म्हणजे गुडघे सर्वाधिक बोलत होते तेव्हा, त्याने पहिली नोंद घेतली, सहा आठवडे वाटीवर टेप, म्हणजे वाटीला आधार देणारी चिकटपट्टी, लावली आणि जानेवारीअखेर पुन्हा मोजले. दुखणे निम्म्याहून कमी झाले होते आणि निष्कर्षाचे पान त्याने आधीच लिहून ठेवले होते. मी त्याला एवढेच विचारले की, या सहा आठवड्यांत ही मंडळी आठवड्याला किती किलोमीटर धावत होती. त्याने ते विचारलेच नव्हते. दोघांनी बसून प्रत्येकाला फोन केले, तेव्हा कळले की शर्यत संपल्यावर बहुतेकांनी धावणे अर्ध्यावर आणले होते आणि काहींनी तर बूट कपाटात ठेवले होते. टेपने काही केले की विश्रांतीने, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते. प्रबंध मान्य झाला, ही गोष्ट वेगळी. पण त्या निष्कर्षाच्या आधारे पुढे कोणी रुग्णाला टेप विकली असेल, तर त्यात थोडा वाटा माझाही आहे, कारण तो माझ्याकडे आला तेव्हा नोंदी घेऊन झाल्या होत्या आणि मी त्याला परत पाठवले नाही.

हे दुखणे स्वभावतःच चढ-उताराचे आहे. माणूस दवाखान्यात येतो तो दुखणे शिखरावर असताना, आणि शिखरावरून पुढची वाट बहुधा खालीच जाते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन चाचणीत १७९ जणांचे चार गट केले होते : बुटात घालायचा घडीव आधार, बुटातच घालायचा पण साधा सपाट तळवा, फिजिओथेरपी, आणि आधार व फिजिओथेरपी एकत्र. सहा आठवड्यांनंतर घडीव आधाराचा गट सपाट तळव्याच्या गटापेक्षा पुढे होता, पण ५२ आठवड्यांत चारही गटांत लक्षणीय सुधारणा झाली. सपाट तळव्याचा गट नसता, तर त्या आधाराचे केवढे कौतुक झाले असते! कॅनडातील ६९ धावपटूंच्या २०१८ च्या चाचणीत तर केवळ धावण्याचा भार कसा सांभाळावा एवढेच समजावलेला गट आणि त्या समजावणीच्या जोडीला व्यायाम किंवा धावण्याची ढब बदलण्याचे प्रशिक्षण मिळालेले गट यांच्यात फरक आढळला नाही. ज्या दुखण्यात भार कमी करण्याचा एवढा परिणाम होतो, त्यात भार न मोजता उपचार मोजणे म्हणजे भरती-ओहोटी न पाहता होडी किती वर आली हे सांगणे आहे.

गोव्यात यात पावसाळ्याची भर पडते. मेमध्ये पहिली नोंद आणि जुलैमध्ये दुसरी, असा आराखडा दिसला की मी तो बाजूला ठेवतो. जुलैच्या पावसात पहाटेचा रस्ता अर्धा ओस पडतो आणि त्या विश्रांतीचे श्रेय उपचाराला मिळते. माझी स्वतःची सवय अशी आहे की, उपचार सुरू करण्यापूर्वी आठवड्याच्या अंतराने दोनदा दुखणे मोजावे, प्रत्येकाला साधी वही देऊन त्यात रोजचे चालणे, धावणे आणि जिने लिहायला सांगावे, आणि तुलनेच्या गटाला निदान भार सांभाळण्याचा सल्ला तरी द्यावा. यात दोन-तीन आठवडे जास्त जातात. ज्यांना ते परवडत नाहीत, त्यांनी दुसरा विषय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक शब्दांची आहे आणि ती मी स्वतः केलेली आहे. या दुखण्यासाठी १९९३ साली फिनलंडमध्ये तयार झालेली कुजाला प्रश्नावली सर्रास वापरली जाते. तिच्यात तेरा प्रश्न असून एकूण गुण शंभर आहेत, आणि गुण जितके जास्त तितका गुडघा बरा. एकदा घाईत मी तिचे मराठी भाषांतर एका बैठकीत उरकले आणि गुडघे वाकवून बसण्याच्या प्रश्नासाठी 'बैठका मारणे' असा शब्द ठेवला. शुक्रवारच्या बाजारात दिवसभर जमिनीवर बसून भाजी विकणाऱ्या आणि घरी आदोळीवर नारळ खवणाऱ्या बायकांनी त्यापुढे 'जमत नाही' यावर खूण केली, कारण बैठका हा त्यांच्या लेखी आखाड्यातल्या पुरुषांचा व्यायाम होता. त्या प्रश्नाचे पाचही गुण गेले. धावण्याच्या प्रश्नाला दहा गुण आहेत; शाळा सुटल्यापासून न धावलेल्या बाईने तिथेही 'जमत नाही' निवडले. या प्रश्नावलीत दहा गुणांचा बदल रुग्णाला जाणवण्याइतका महत्त्वाचा मानतात आणि इथे केवळ शब्दांमुळे पंधरा गुण वाहून गेले होते, तेही गुडघ्याला न विचारता.

गोव्यात आणखी एक पेच आहे. रुग्ण मराठी वर्तमानपत्र सराईतपणे वाचतो, पण दुखणे सांगताना कोकणीत सांगतो, आणि त्याचे 'धोंपर' आपल्या कागदावर 'गुडघा' होऊन येते. वाचता येणे आणि स्वतःच्या शरीराबद्दल त्या भाषेत विचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याने ते उलट इंग्रजीत न्यावे, आणि मग तीस-चाळीस रुग्णांसमोर कागद ठेवून प्रत्येक प्रश्नाचा त्यांना काय अर्थ लागला हे त्यांच्याच तोंडून ऐकावे. ही रीत माझी नाही, ती मान्य पद्धत आहे. माझी भर एवढीच की निदान दोन रुग्ण बाजारातले असावेत आणि त्यांच्याशी कोकणीत बोलावे. मोबाईलवरचे भाषांतर चिकटवून आणणाऱ्याचा कागद मी वाचत नाही.

एमआरआयमध्ये कूर्चा, म्हणजे सांध्यातील हाडांवरचे गुळगुळीत आवरण, खडबडीत दिसली म्हणून तिलाच दुखण्याचे मूळ ठरवणे, ही सुशिक्षितांची चूक आहे. स्कॉट डाय या अमेरिकन शल्यविशारदाने सांध्याच्या आत भूल न घेता स्वतःच्या गुडघ्यांत दुर्बीण घालून घेतली आणि आतील एकेक भाग टोचला असता काय जाणवते, ते १९९८ साली नोंदवले. वाटीच्या कूर्चेला स्पर्श केला तेव्हा दुखले नाही. मात्र वाटीखालची चरबीची गादी आणि सांध्याचे अस्तर यांना हात लागताच तीव्र कळ आली. हा एकाच माणसाचा अनुभव आहे हे खरे, पण २०१६ च्या एका डच अभ्यासातही दुखणाऱ्या आणि न दुखणाऱ्या गुडघ्यांच्या एमआरआय चित्रांत रचनेतील दोष सारख्याच प्रमाणात दिसले होते. फिनलंडमध्ये ५६ रुग्णांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीची शस्त्रक्रिया व व्यायाम यांनी केवळ घरच्या व्यायामापेक्षा नऊ महिन्यांनंतर अधिक काही दिले नाही. अभ्यासात कोणाला घ्यायचे हे चित्रावरून ठरवू नका. उकिडवे बसताना वाटीभोवती दुखते का, हे आधी पाहा. पन्नाशीच्या पुढचे, झिजलेल्या सांध्याचे रुग्ण या गटात मिसळू नका.

टेपबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण नव्या मुलांना तिचे विलक्षण वेड आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ साली टेप मांडली ती व्यायामाच्या जोडीने, आणि २०१२ च्या कॉक्रेन आढाव्याला, म्हणजे उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्याला, त्यावर केवळ पाच लहान चाचण्या सापडल्या, ज्यांतून ठाम काही सांगता आले नाही. रंगीत टेपचा फोटो चांगला येतो, एवढे मात्र मी मान्य करतो.

अल्ट्रासाऊंडच्या यंत्राला (पोटाच्या तपासणीचे नव्हे, दुखऱ्या भागावर ध्वनिलहरी देणारे) मुख्य उपचार म्हणून घेऊ नका. या विषयावरील तज्ज्ञांच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात अशा यंत्रोपचारांची शिफारस केलेली नाही, आणि नितंब व गुडघा या दोहोंच्या एकत्रित व्यायामाला पसंती दिलेली आहे. 'मांडीचे व्यायाम दिले' असे दोन शब्दांत लिहू नका. कोणता व्यायाम, किती वजन, किती आवर्तने, आणि दुखले तर काय करायचे, हे वाचून दुसऱ्याला तो करता आला पाहिजे. सहा आठवड्यांच्या निकालाला 'बरा झाला' म्हणू नका; चाचण्यांत भाग घेतलेल्यांचा पाच ते आठ वर्षे पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात ५७ टक्के लोकांची स्थिती असमाधानकारक होती. उपचारांची चाचणी असेल तर अशा चाचण्यांच्या भारतीय नोंदवहीत (सीटीआरआय) पहिला रुग्ण घेण्यापूर्वी नोंद करा. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून केलेली नोंद स्वीकारत नाहीत, आणि तरीही दरवर्षी कोणीतरी काम संपल्यावर नोंदीचा अर्ज कसा भरायचा हे विचारायला येतोच.

आणि एकाच माणसाचे दोन्ही गुडघे दोन रुग्ण म्हणून मोजू नका. ते एकाच शरीराचे, एकाच रस्त्यावर धावलेले आणि एकाच रात्री झोपलेले असतात, त्यामुळे त्यांची उत्तरे स्वतंत्र नसतात, आणि संख्या फुगली की नसलेला फरकही खरा वाटू लागतो. गेल्या वर्षी 'नमुना : ६० गुडघे' असे लिहिलेला एक मसुदा आला होता. त्याच्या पहिल्या पानावर मी 'माणसे किती?' एवढेच लिहून तो परत पाठवला.