केगचा गॅस रेग्युलेटर गळतोय? पाना हातात घेण्याआधी या चुका टाळा

बिअरच्या केगला (पिंपाला) जोडलेला कार्बन डायऑक्साइडचा भरलेला सिलिंडर चार दिवसांत संपला की पहिला आळ दाब कमी करणाऱ्या रेग्युलेटरवर येतो. बऱ्याचदा खरी चोर केगच्या झाकणाची नाहीतर पोस्टची (नळी जिथे जोडतात त्या तोंडाची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी असते. त्यामुळे आधी गळती कुठे आहे ते ठरवा. रेग्युलेटरच्या केगकडे जाणाऱ्या बाजूचा वाल्व बंद करा, सिलिंडर क्षणभर उघडून पुन्हा बंद करा आणि मोठ्या गेजवर (सिलिंडरमधला दाब दाखवणाऱ्या) काट्यापाशी खूण करून रात्रभर तसंच ठेवा. काटा उतरला तर गळती रेग्युलेटरमध्ये किंवा सिलिंडरच्या नटापाशी आहे. जागचा हलला नाही, तर नळी आणि केगकडे वळा. वाल्व उघडा आणि केग जोडलेला असताना ही चाचणी करू नका. ताजी, थंड बिअर गॅस शोषून घेते आणि काटा गळती नसतानाही खाली येतो.

मोठ्या गेजवरून किती गॅस उरलाय हेही समजत नाही. सिलिंडरमध्ये कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात असतो. तो द्रव संपेपर्यंत २० अंशांना दाब सुमारे ५७ बारच राहतो. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला तर काटा ४० बारच्याही खाली येतो आणि लोक घाबरून नट आवळत सुटतात. गॅस किती उरलाय ते बघायचं तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवा.

सिलिंडरच्या नटाला टेफ्लॉन टेप गुंडाळणं ही सगळ्यात हट्टी चूक. तिथे गॅस आटे अडवत नाहीत, आतला चपटा वॉशर अडवतो. तो फायबरचा असेल तर दर वेळी नवा घाला. रेग्युलेटरला स्वतःची ओ-रिंग असेल तर वॉशर घालूच नका. टेप फक्त गेजसारख्या निमुळत्या आट्यांना, तीही पहिला आटा मोकळा सोडून. नाहीतर तिचे तुकडे आत जाऊन सीटवर (गॅस अडवणाऱ्या आतल्या बैठकीवर) बसतात.

साबणाचं पाणी लावलं की लगेच पुसू नका. बारीक गळतीचा पांढरा फेस जमायला काही मिनिटं लागतात. बॉनेटच्या (स्प्रिंगवरच्या टोपणाच्या) बारीक छिद्रातून बुडबुडे आले तर डायफ्राम, म्हणजे आतला लवचिक पडदा फाटलाय. आणि दाबाचा स्क्रू पूर्ण सैल असतानाही छोट्या गेजचा (केगकडे जाणारा दाब दाखवणाऱ्या) काटा आपोआप चढत असेल, तर सीट खराब झालीय किंवा तिच्यावर कचरा बसलाय. हे दुखणं अंगावर काढू नका, केगमध्ये नको तेवढा दाब भरत राहतो.

खोलायचंच असेल तर सिलिंडर बंद करा, दाब पूर्ण सोडा आणि दाबाचा स्क्रू बाहेर फिरवून स्प्रिंग ढिली करा. मगच बॉनेट उघडा. सीट आणि डायफ्राम त्याच मॉडेलच्या किटमधले घ्या, ‘जवळपास बसतंय’ चालणार नाही. आत तेल, ग्रीस काही लावायचं नाही. बॉडीलाच तडा असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा, नवा रेग्युलेटर घ्या.

हे काम बंद खोलीत करू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो आणि त्याला वास नसतो. डोकं जड वाटलं किंवा धाप लागली तर ताबडतोब बाहेर पडा.

जोडणी झाली की सिलिंडर उभा बांधा. आडवा ठेवलात तर द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो. स्क्रू सैल ठेवूनच सिलिंडरचा वाल्व हळूहळू उघडा. छोटा काटा शून्यावरच थांबला, तर मग दाब १०-१२ पीएसआयपर्यंत चढवा आणि साबणाचं पाणी पुन्हा एकदा फिरवा.