लोकसभेला आपल्या भागातला पुरोगामी उमेदवार कसा पारखायचा

फुले-शाहू-आंबेडकर ही तीन नावं महाराष्ट्रात जवळपास सगळेच पक्ष घेतात, त्यामुळे उमेदवार स्वतःला पुरोगामी म्हणतो एवढ्यावरून काहीच कळत नाही. तो नक्की काय करणार आणि ते करणं खासदाराच्या हातात आहे का, हे बघावं लागतं, आणि ते जमतं हो, फक्त थोडा वेळ काढावा लागतो. २०२४ ला आम्ही सात-आठ जणांनी मिळून हे केलं, त्यात चुका पण झाल्या, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक वही घ्या आणि आपल्या भागातले पाच-सहा प्रश्न लिहा. उमेदवार ठरायची वाट बघू नका कारण माघारीची तारीख गेली की मतदानापर्यंत साधारण दोनच आठवडे उरतात आणि तेवढ्यात काही होत नाही. आता प्रत्येक प्रश्नापुढे लिहा की हा केंद्राचा, राज्याचा, की झेडपी-नगरपालिकेचा. आमची पहिली चूक इथेच झाली, आम्ही एका सभेत एसटी डेपोबद्दल विचारलं, उमेदवाराने लगेच हो करून टाकतो म्हणून सांगितलं, टाळ्या पडल्या आणि घरी आल्यावर लक्षात आलं की एसटी तर राज्याची, खासदार तिथे फार तर पत्र देणार.

मग केंद्राचं काय असतं? रेल्वे, हमीभाव, समुद्रकिनाऱ्याचे सीआरझेडचे नियम, जनगणना हे सरळ दिल्लीचं. रेशनचा अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा, वनहक्क कायदा २००६ चा, हे केंद्राचे कायदे पण राबवतं राज्य, त्यामुळे वनहक्काचा दावा जिल्हा समितीत अडकला असेल तर नुसता कायदा चांगला असून भागत नाही. अंगणवाडी सेविकांचं मानधन घ्या, त्यात केंद्राने ठरवलेली रक्कम २०१८ ला ३००० वरून ४५०० रुपये झाली, वर राज्य आपली भर घालतं, म्हणजे खासदाराला विचारायचा प्रश्न 'मानधन वाढवणार का' असा नाही, 'केंद्राचा हिस्सा वाढवा म्हणून संसदेत मागणार का, आणि किती' असा आहे. तसंच ईपीएस ९५ वाल्या, म्हणजे पीएफच्या पेन्शन योजनेतल्या पेन्शनरांचं. गिरणी, साखर कारखाना, एसटी, सहकारी बँक, सगळीकडचे रिटायर लोक त्यात आहेत, किमान पेन्शन २०१४ ला महिना १००० रुपये ठरली, हा तर शंभर टक्के दिल्लीचा विषय आहे आणि प्रत्येक गल्लीत त्याचा एक तरी माणूस सापडतो. प्रश्न इतका नेमका केला की उमेदवाराला गोल गोल बोलता येत नाही.

गल्लीतला प्रश्न दिल्लीत नेणारे लोक आपल्याकडे होऊन गेलेत, त्यांच्याकडे बघितलं की माप कळतं. मृणाल गोरे गोरेगावातल्या पाण्यासाठी लढून आधी महापालिकेत, मग विधानसभेत आणि १९७७ ला उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या, तेव्हाची 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही इंदिरा गांधींना टोला मारणारी घोषणा अजून लोकांच्या तोंडी आहे. नाना, म्हणजे मधू दंडवते राजापूरमधून १९७१ पासून सलग पाच वेळा निवडून आले, १९७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि सेकंड क्लासच्या लाकडी बर्थवर दोन इंची फोम आला, म्हणजे गरिबाच्या पाठीचा विचार करणारा माणूस त्या खात्यात बसला की काय होतं ते देशाने बघितलं. रोजगार हमी पण आपलीच, ७२ च्या दुष्काळात इथे उभी राहिली आणि २००५ ला तिच्या धर्तीवर देशाचा कायदा आला. म्हणून 'स्थानिक उमेदवार दिल्लीत जाऊन काय करणार' असं कोणी म्हटलं की मला ते पटतच नाही.

आता कागद. प्रत्येक उमेदवार अर्जासोबत फॉर्म २६ चं शपथपत्र देतो, ते निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर आणि ॲपवर मिळतं, मायनेता नावाच्या साइटवर पण टाकलेलं असतं. त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, पाच वर्षांचं उत्पन्न, नवरा-बायकोची आणि अवलंबून असलेल्यांची मालमत्ता सगळं असतं. गुन्ह्यांचा आकडा बघून लगेच घाबरू नका, कलमं वाचा. चळवळीतल्या माणसावर जमावबंदी मोडली, रास्ता रोको केला असल्या केसेस असणारच, ते वेगळं आणि खंडणी, बाईवरचा अत्याचार, जातीय तेढ हे वेगळं. सरकारी देणी हा रकाना लोक वाचत नाहीत, तो वाचा. आणि जमीन. विस्थापितांच्या बाजूने बोलणाऱ्याची जमीन नेमकी प्रकल्पाच्या शेजारी का आहे हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आधीचा खासदार परत उभा असेल तर त्याचं काम बघणं सोपं, लोकसभेच्या साइटवर प्रश्न सापडतात, पीआरएस या संसदेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या साइटवर हजेरी, चर्चा, खासगी विधेयकं दिसतात. मंत्री असेल तर मात्र हजेरी आणि प्रश्न दिसणार नाहीत, तो नियमच आहे, त्यावरून आळशी ठरवू नका. नुसते प्रश्न मोजू पण नका, शंभर प्रश्नांत आपल्या वहीतले किती ते बघा. खासदार निधी वर्षाला ५ कोटी असतो, त्यातला किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या वस्तीसाठी आणि साडेसात टक्के आदिवासी भागासाठी सुचवायचा असतो, तो तिथे गेला का कमानीत आणि हायमास्टमध्ये गेला हे वस्तीत जाऊन विचारलं की दहा मिनिटात कळतं. पहिल्यांदाच उभा असेल तर झेडपी, युनियन, ग्रामसभा, जिथे काम केलं तिथल्या बायकांना विचारा, त्या खरं सांगतात.

यातला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे व्हिप, पक्षाचा मतदानाचा आदेश. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षाने व्हिप काढला की खासदाराला तसंच मत द्यावं लागतं, नाहीतर खासदारकी जाऊ शकते. म्हणून माणूस कितीही भला असला तरी त्याच्या पक्षाचा जाहीरनामा उघडा आणि आपले पाच प्रश्न त्यात शोधा. उमेदवार म्हणतो कामगारांच्या बाजूने आणि पक्षाने त्या विषयावर उलटं मतदान केलेलं असेल तर उमेदवाराच्या शब्दाला फार अर्थ उरत नाही, आणि हे त्याला तोंडावर विचारा, 'व्हिप निघाला तर काय कराल?' अपक्ष असेल तर व्हिपची अडचण नाही, छोट्या पक्षाच्या खासदाराला मात्र व्हिप असतोच, आणि दोघांनाही बोलायला मिनिटं कमी मिळतात, हे सगळं धरून चाला.

आणि कोणी म्हणालं मी कायदा आणतो, तर नीट ऐका. खासगी विधेयक मांडता येतं, पण स्वातंत्र्यापासून अशी फक्त १४ विधेयकं कायदा झाली, शेवटचं १९७० ला. तरी मांडण्याला किंमत आहे. राजू शेट्टींनी हातकणंगल्याचे खासदार असताना २०१८ ला कर्जमुक्ती आणि हमीभावाच्या हक्काची दोन विधेयकं मांडली, ती पास झाली नाहीत पण ऊसपट्ट्यातली मागणी कागदावर कलमांसकट आली, मला तरी हे नुसत्या भाषणापेक्षा खूप मोठं वाटतं.

विचारायचं कुठे? मोठ्या सभेत नको, तिथे माईक मिळत नाही. कॉर्नर सभा, सकाळची पदयात्रा, बाजाराचा दिवस. एकाने एकच प्रश्न, लेखी, खाली पाच-दहा सह्या, आणि एकाने व्हिडिओ घ्यायचा. बायकांनी विचारलेला प्रश्न टाळणं उमेदवाराला अवघड जातं हा आमचा अनुभव. महिला आरक्षणाचं पण विचारा, २०२३ ला कायदा झाला पण तो जनगणना आणि मतदारसंघ फेररचनेला बांधलेला, आणि २०२४ ला महाराष्ट्रातून ४८ पैकी ७ च बायका निवडून आल्या, मग तुमच्या पक्षाने किती तिकिटं दिली?

'चांगला आहे पण निवडून येणार नाही, मत फुकट' हे तुम्हाला घरातच ऐकायला मिळेल. यावर माझं उत्तर एकच नाही. दोन मोठ्यांत फरक खरंच मोठा असेल आणि लढत घासून असेल तर त्याचा विचार करावाच लागतो. तसं नसेल तर मनातल्या माणसाला द्या, एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तर २५ हजारांचं डिपॉझिट तरी वाचतं आणि पुढच्या वेळी मोठ्या पक्षाला त्याच्याशी बोलावं लागतं.

मिळालेली उत्तरं तारीख-जागा टाकून वहीत लिहा, व्हिडिओ दोघांच्या फोनमध्ये ठेवा. निकालानंतर नव्या खासदाराच्या ऑफिसात त्याच सह्यांसह तेच पाच प्रश्न देऊन पोच घ्या आणि पहिलं मोठं अधिवेशन संपलं की साइटवर त्याचे प्रश्न उघडून वहीशेजारी ठेवून बघा.