मनातले चेहरे सारखेच येतात? आधी डाग पाडा

रोज एक काल्पनिक चेहरा काढायचा म्हटलं की आठवडाभरात सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ दिसायला लागतात. हाताला एकच नाक पाठ झालेलं असतं. त्यावर उपाय कोऱ्या चहाचा.

१. गाळणीतल्या चोथ्यावर दोन चमचे गरम पाणी घाला. त्यात ब्रश बुडवून वहीच्या पानावर वेडावाकडा डाग पाडा आणि वाळू द्या.

२. पान चारही बाजूंनी फिरवून बघा. कुठेतरी हनुवटी, अंबाडा, नाहीतर फुगलेला गाल सापडतोच. माझ्या कालच्या डागात आधी टोपी दिसली, मग तिच्याखाली वैतागलेला एसटी कंडक्टर.

३. सापडलं त्यापासून टूबी (2B, मऊ शिशाच्या) पेन्सिलीने सुरुवात करा. डोळे टाळू ते हनुवटी या उंचीच्या साधारण मध्यावर घ्या. नवखे हमखास वर, कपाळात काढतात. बाकी प्रमाण डाग नेईल तसं बिघडू द्या, त्यातच मजा आहे.

४. दहा मिनिटांत थांबा. खाली त्या चेहऱ्याचं वय आणि धंदा लिहा.

दूध-साखरेचा चहा मात्र नको. माझ्या एका वहीला मुंग्या लागल्या होत्या.