करटोली घरी लावायचीयेत? आधी नर-मादी बघा

पावसाळ्यात मंडईच्या बाहेर मुळशी-वेल्ह्याकडच्या मावश्या पाटीत करटोली घेऊन बसतात आणि भाव ऐकून आपण पावशेरावरच थांबतो, त्यामुळे ही गच्चीत येतात का हो असं सारखं कोणीतरी विचारतं. येतात, पण कारल्यासारखं बी टोचलं आणि झालं असं नाही.

यात नर वेल वेगळी, मादी वेगळी, आणि फळ फक्त मादीला. मी पहिल्या वर्षी एका नर्सरीतून दोन रोपं आणली, ग्रिलभर पसरली, पिवळी फुलंच फुलं आणि करटोलं एक नाही, दोन्ही नर! नर्सरीवाला म्हणे खत कमी पडलं असेल.

म्हणून बी नको, कंद लावा. बी टणक असतं, उगवायला रडवतं, आणि नर का मादी ते फूल येईपर्यंत कळत नाही. ज्याच्याकडे फळ धरलेली वेल आहे त्याच्याकडूनच कंद मागा, मादीचे दोन-तीन आणि नराचा एक. डोंगरात जाऊन खणू मात्र नका, फळ तोडलं तर वेल पुढच्या वर्षी परत फुटते, कंदच काढला तर ती संपली, आणि ताम्हिणी, भीमाशंकर ही तर अभयारण्यंच आहेत.

मेच्या शेवटी 20 लिटरच्या बादलीत, तळाला भोकं पाडून, माती-शेणखत-थोडी वाळू घालून कंद 2-3 इंच खाली पुरायचा. पाणी साचलं की कुजतो, जुलैत त्याचीच जास्त भीती. वर चढायला सुतळी बांधा.

आता खरं काम. फुलाखाली बारीक काटेरी गोळी दिसली तर ती मादी, नराच्या फुलाखाली नुसता देठ असतो. फुलं संध्याकाळी उमलतात, गच्चीवर रात्रीचे पतंग कितीसे येणार, त्यामुळे दिवेलागणीला आपणच जायचं, नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि पराग मादीच्या मधोमध हलकेच टेकवायचे. जमलं तर गोळी फुगायला लागते, नाहीतर पिवळी पडून गळते. हिरवी कोवळी असतानाच तोडा, पिवळट झाली की आतल्या बिया दाताखाली येतात. फळमाशी लागत असेल तर छोट्या फळांवर जाळीच्या पिशव्या चढवा.

थंडीत वेल पार वाळून जाते. मेली समजून टाकू नका, खाली कंद झोपलेला असतो, पाणी बंद करायचं आणि बादली सावलीत सरकवायची, मे मध्ये पाणी दिलं की कोंब येतो. आमच्या सासूबाईंनी रिकामी बादली म्हणून कंद फेकला आणि त्यात कोथिंबीर पेरली. आता बादलीवर ऑइलपेंटनं लिहिलंय, "मादी आहे, झोपलीये, हात लावू नये."