शर्यतीच्या घोड्यांचा छोटा तबेला: आठवडाभरातल्या या चुका टाळा

घोडा बिघडला की पहिला संशय वेगाच्या सरावावर जातो. फार पळवला, ट्रॅक कडक होता, रायडरला आवरला नाही. कधीकधी तसं असतंही. पण दहा-बारा घोडे आणि मोजकीच माणसं असलेल्या तबेल्यात बऱ्याचशा दुखण्यांची सुरुवात संथ दिवसांत होते, आणि त्यातही सगळ्यात बेसावध दिवस सुट्टीचा.

सुट्टीच्या दिवशी पूर्ण चंदी

आठवडाभर जोरात काम करणाऱ्या घोड्याला भरपूर दाणा लागतो. सुट्टीला मात्र तो दिवसभर ठाणावर उभा, फार तर थोडा वेळ हाताने फिरवलेला. चंदी, म्हणजे दाण्याचा रोजचा रतीब, तीच राहते, कारण ती कमी करायची हे ठरवणारा माणूसही त्या दिवशी सुट्टीवर असतो! दुसऱ्या सकाळी घोडा बाहेर काढला की दुडकीतच मागची पावलं आखडायला लागतात, कामाच्या मानाने घाम जास्त येतो, पुठ्ठ्याचे स्नायू हाताला लाकडासारखे लागतात. हे टायिंग-अप, म्हणजे कामात स्नायू आखडून बसणं.

इथेच दुसरी चूक होते: ‘चालवला की मोकळा होईल.’ होत नाही. स्नायूंच्या पेशी फुटत असतात, प्रत्येक पावलाने नुकसान वाढतं. जिथे असेल तिथे थांबवा, खोगीर उतरवा, गारवा असेल तर झूल घाला, समोर पाणी ठेवा आणि पशुवैद्याला फोन करा. लघवी गडद तपकिरी दिसली तर तेही फोनवरच सांगा, कारण मग प्रश्न मूत्रपिंडांचा होतो. वेदनाशामक मनाने तर मुळीच देऊ नका.

उपाय साधा आहे. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून दाणा निम्म्यावर आणा, गवत वाढवा, आणि काम पुन्हा सुरू झाल्यावरच चंदी पूर्ववत करा. थोडा वेळ पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या मोकळ्या जागेत) मोकळं सोडता आलं तर उत्तम. तरुण, चटकन बिथरणाऱ्या फिलींना (घोड्यांतल्या तरुण माद्यांना) हा त्रास पुन्हापुन्हा होतो. त्यांचा स्टार्च कायमचाच कमी करून ऊर्जेची भर तेलातून घालावी लागते.

चंदीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. 500 किलोच्या घोड्याच्या पोटात दिवसाला निदान साडेसात किलो कोरडा चारा जायला हवा, आणि एका वेळचा दाणा 2 किलोच्या वर नको. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं असो वा नसो. सरावाआधी पोट अगदी रिकामं ठेवलं की पळताना ते आम्ल उसळून जठराच्या वरच्या, नाजूक भागाला लागतं. मूठ-दोन मूठ गवत आधी दिल्याने घोडा हळू होत नाही. चंदी अर्धवट सोडणं, पोटपट्टा आवळताना कान मागे टाकून चावायला येणं याला आपण खोडी म्हणून सोडून देतो. बरेचदा तो अल्सर असतो.

पाय चुकीच्या वेळी तपासणं

पाय पाहायचे सकाळी, घोडा ठाणावरून हलण्याआधी. पाय धुतल्यावर खरी ऊब कळत नाही, बँडेज सोडल्या सोडल्या खोटी ऊब लागते. तळहात नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागच्या बाजूने घोट्यापर्यंत सावकाश उतरवा, मग दुसरा पाय. नंतर पाय उचलून गुडघ्यात वाकवा; कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सैल पडते. ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली या. एखाद्या जागी घोडा पाय ओढून घेतो. तीच जागा दुसऱ्या पायावर तेवढ्याच जोराने दाबा. तिथे घोडा शांत राहिला, तर दुखणं पहिल्याच पायात आहे; त्या दिवशी खोगीर चढवू नका.

‘लंगडत नाही ना, मग हलकं कॅण्टर (दुडकीपेक्षा वेगाची संथ दौड) करू’ हे वाक्य फार महाग पडतं. कंडरेला सुरुवातीची इजा झालेला घोडा सरळ चालू शकतो. त्या टप्प्यावर थांबलात तर थोडक्यात निभावण्याची शक्यता असते. नंतर 9 ते 12 महिने हातचे गेलेच समजा. अल्ट्रासाऊंड पहिल्याच दिवशी स्वच्छ आला म्हणून निर्धास्त होऊ नका, आठवड्याभराने पुन्हा करा. इजा तेव्हा जास्त स्पष्ट दिसते.

दोन वर्षांच्या शिंगरांचं दुखणं नळीच्या पुढच्या बाजूला येतं. आठवडेच्या आठवडे नुसतं लांब, संथ कॅण्टर आणि मग एकदम वेग, अशाने हाड तयारच होत नाही. वेगाचे अगदी छोटे तुकडे लवकर सुरू करून हळूहळू वाढवा.

फळ्यावर लिहिलंय म्हणून पळवणं

सरावाच्या फळ्यावर वेगाचे दिवस आठवड्यात दोन, हे ठीक. पण ज्याने रात्रीची चंदी सोडली, किंवा ज्याचं सकाळचं तापमान 38.5 अंश सेल्सिअसच्या वर आहे, त्याचं नाव त्या दिवशी फळ्यावरून पुसायचं. चंदी सोडल्याचं मोतद्दाराला (घोड्याची निगा राखणाऱ्याला) माहीत असतं, ट्रेनरला नसतं. म्हणून तेही फळ्यावर लिहायची सवय लावा.

घामेजलेल्या घोड्याला पाण्यापासून लांब ठेवणं

हा समज काही केल्या जात नाही. कामानंतर घोड्याला पिऊ द्या. अंगावर गार पाणी सतत ओता. दर वेळी ते निपटत बसण्यापेक्षा पुढची बादली ओतलेली बरी.

उत्तेजक चाचणीत नाहक अडकणं

कॅफीन, थिओब्रोमीन, मॉर्फीन घोड्याच्या नमुन्यात येण्यासाठी कुणी कट करावा लागत नाही. चहा-कॉफीचा उरलेला घोट, लाडाने भरवलेलं चॉकलेट, दाण्यात मिसळलेली खसखस पुरते. माणसाने औषध घेतलं असेल आणि ठाणातच लघवी केली असेल तर तेही गवतावाटे घोड्याच्या पोटात जातं. मलम लावलेल्या हातांनी लगाम घालू नका.

प्रवासात डोकं वर बांधून ठेवणं

लांबच्या प्रवासात मान खाली करता आली नाही की श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसांत संसर्ग होतो. दर काही तासांनी थांबा, दोर सैल करा, गवत जमिनीवर टाका. पोचल्यावर पुढचे दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तापमान घ्या; वाढलेलं दिसलं तर शर्यत तोंडावर असली तरी आधी पशुवैद्य.